थेंबाची जात ओळखणारं कापड

फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. मानपाडा रोडच्या आसपास राहणाऱ्यांना रसायनं नवी नाहीत, म्हणून साधं पाणी आणि आम्लाचं पाणी यांतला फरक ओळखणारं एक कापड मला मोलाचं वाटतं. सुती कापडावर खास पॉलिमरचा लेप. साधं पाणी टाका, अळवाच्या पानावरल्यासारखे थेंब घरंगळतात. आम्लाचं पाणी टाका, तेच कापड चिंब! लेपातले अमाइन गट आम्लातले हायड्रोजन आयन उचलतात. त्यांच्यावर धनप्रभार येतो आणि ते पाण्याला ओढून घेतात. आम्ल धुऊन वाळवलं की पाणी पुन्हा घरंगळतं. कोरडं कापड तेल जाऊ देतं, आम्लाने भिजलेलं कापड तेल अडवतं. तेल आणि पाणी असं वेगळं करणं प्रयोगशाळेत जमलंय. गाळ-साबणाच्या सांडपाण्यात लेप टिकणं ही खरी कसोटी. तोवर नाल्याचं पाणी रंगीत दिसलं, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवा.