कॅसेटींतील चित्र आणि पाणिनीची अनुवृत्ति

ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी सांगली शहरांत शिरलें, तेव्हां कपाटांच्या तळच्या खणांची काय दशा झाली असेल, हें सांगावयास नको. लग्नमुंजींच्या व्हिडिओ कॅसेटी बहुधा अशाच खणांत असतात. पाण्यावांचूनही त्यांचें आयुष्य सरत आलें आहे. फीत झिजते, आणि ती चालविणारीं व्हीएचएस यंत्रें करणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्यानें जुलै २०१६ मध्यें तें काम बंद केलें. तेव्हां सांगलीस काय किंवा साताऱ्यास काय, कॅसेट संगणकाच्या फाइलींत उतरविण्याचा प्रश्न आज ना उद्यां येणारच. दुकानदार विचारतो, ‘कोणत्या फॉरमॅटमध्यें देऊं?’ आणि आपण गप्प!

कॅसेटीचें चित्र सामान्यतः ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांत मोडतात. दर ठिपक्याच्या रंगास ३ बाइट व सेकंदास २५ चित्रें धरलीं, तर एका तासास सुमारें ११२ गिगाबाइट होतात. साध्या डीव्हीडींत अवघे ४.७ मावतात! तरी लग्नसोहळा तींत बसतो, तो संक्षेपामुळें.

ही युक्ति आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस नवी वाटूं नये. पाणिनि एका सूत्रांतील पद पुढील सूत्रांत पुन्हां उच्चारीत नाहीं. तें अनुवृत्तीनें येतें. तसेंच येथें. एक चित्र पूर्ण लिहावयाचें, व पुढील चित्रांत जें बदललें तेवढेंच नोंदावयाचें. अंतरपाट स्थिर, हात हलला, तर हातापुरतीच नोंद. मात्र मूळ सूत्र गहाळ झालें कीं पुढचीं अर्थहीन होतात. फाइलींतही पूर्ण चित्र बिघडलें तर पुढचीं कांहीं चित्रें विस्कटतात.

परंतु पाणिनि कांहीं गमावीत नाहीं. हीं यंत्रें गमावतात. बंगळुरास जन्मलेले नसीर अहमद यांनीं दोन सहकाऱ्यांसह १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या गणितरीतीनें चित्राचे स्थूल व सूक्ष्म अंश वेगळे होतात, आणि डोळ्यास न जाणवणारे सूक्ष्म अंश टाकून देतां येतात. टाकलेलें परत येत नाहीं. म्हणून व्हॉट्सॲपवर नेहमींच्या रीतीनें धाडलेला व्हिडिओ पुन्हां दाबला जाऊन धूसर होतो. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडल्यास जसाच्या तसा पोंचतो.

आतां नांवांचा घोळ. एमपी-४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा होय. आंतील चित्र कोणत्या रीतीनें दाबलें, तें निराळें. २००३ सालची एच.२६४ ही रीत आज बहुतेक यंत्रांस कळते. २०१३ ची एच.२६५ कमी जागेंत तेंच काम करते, पण जुन्या यंत्रांस ती उमजत नाहीं. फाइलीचें शेपूट बदलल्यानें आंतील ऐवज बदलत नाहीं, हें कित्येक सुशिक्षितांसही ठाऊक नसतें!

दुकानदाराकडून एमपी-४ डब्यांत एच.२६४ ची प्रत घ्यावी, व ती फारशी दाबूं देऊं नये. तीवरून धाडण्यासाठीं लहान प्रती खुशाल कराव्या, पण पहिली पुसूं नये. शिवाय तिची जशीच्या तशी एक नक्कल सांगलीकरांनीं साताऱ्याच्या आप्तांकडे ठेवावी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं कृष्णेचा पूर येत नाहीं.