जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स बदलावा काय?

जुनी मोटार बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंची संख्या थोडी नाही. अँबॅसडर व मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. तथापि या गाड्या खेडोपाडी अद्याप दृष्टीस पडतात. अशा गाडीतून कुरकुर ऐकू येऊ लागली की मालक मिस्त्रीकडे जातो, मिस्त्री खाली डोकावतो आणि ‘गिअरबॉक्स गेला’ एवढेच सांगतो. या दोन शब्दांपायी कित्येकदा एका हंगामाची शिल्लक खर्ची पडते. सबब हा खर्च कसा उभा राहतो व तो केव्हा करावा, याचा विचार येथे योजिला आहे.

प्रथम दोष गिअरबॉक्सचा की क्लचचा, हे ठरविले पाहिजे. इंजिन जोराने फिरते परंतु गाडी त्या मानाने उचलत नाही व चढावर जळका वास येतो, तर बहुधा क्लच प्लेट झिजली असे समजावे. गाडी उभी, इंजिन चालू व दांडी न्यूट्रलमध्ये असता घरघर होते आणि क्लच दाबताच ती थांबते, तर गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर दोष रिलीज बेअरिंगचा होय, आणि ती वस्तू गिअरबॉक्सच्या मानाने फारच स्वस्त आहे. सर्वच गिअर कर्रकन वाजून पडत असतील तर क्लच पुरता सुटत नसण्याचा संभव अधिक. एकच गिअर वाजत असेल तर त्याची सिंक्रो रिंग झिजलेली असते. चार गिअरांच्या अँबॅसडरमध्ये आणखी एक खूण आहे. टॉपमध्ये इंजिनाचा फेरा सरळ मागे जातो व खालच्या शाफ्टच्या दातांवर भार येत नाही; म्हणून इतर गिअरांतील आवाज टॉपमध्ये विरत असेल तर दोष त्या खालच्या शाफ्टकडे आहे. मारुतीची रचना निराळी असून तिचा गिअरबॉक्स पुढील चाकांस फिरवितो. तेथे ही खूण उपयोगी नाही.

मग तेल उतरवून बोटांवर चोळून पाहावे. करडा, मऊ लगदा थोडाबहुत असावयाचाच. पोलादाचे तुकडे वा पितळेचा चुरा दिसला तर मात्र गिअरबॉक्स खोलणे प्राप्त आहे.

आता खर्चाकडे वळू. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत. आपल्या गावचे दर त्या जागी घालावेत. समजा, जुन्या बाजारातील गिअरबॉक्स १०,००० रुपयांस मिळाला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग मिळून ४,०००, तेल व ऑइल सील १,५००, उतरवणे-चढवणे ५,००० आणि वाहतूक १,००० धरता बेरीज २१,५०० होते. म्हणजे ज्या किमतीस भुलून आपण होकार दिला, ती एकूण खर्चाच्या निम्मीही नाही. क्लचचे सामान यात का धरले, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, ते बदलण्यास गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. आज चार हजार वाचवून वर्षाने पुन्हा पाच हजार मजुरी देणे आमच्या मते काटकसर नव्हे. उलटपक्षी आपलाच गिअरबॉक्स खोलून बेअरिंगे व रिंगा घातल्यास सामान ७,०००, मजुरी ८,०००, क्लच व तेल पूर्ववत, मिळून २०,५०० होतात. एवढ्या थोड्या अंतरात आम्ही खोलण्यासच पसंती देऊ, कारण आतील स्थिती डोळ्यांदेखत कळते. मात्र मिस्त्री हातखंड असला पाहिजे.

जुना गिअरबॉक्स घेणे झाल्यास, सातबाऱ्यावरील बोजा पाहिल्यावाचून आपण जमीन घेत नाही, तद्वत तो पारखून घ्यावा. प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवावा, तो अडतो वा डुलतो काय ते पाहावे, कवचास तडा नाही याची खात्री करावी आणि तो आपल्याच इंजिनाच्या जोडीचा आहे ना, हे ताडावे.

यापुढील बाब पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते व नंतर पाच-पाच वर्षांनी तपासणी होऊन तिचे नूतनीकरण होते. २०१४ साली नोंदलेल्या गाडीचीही पहिली मुदत २०२९ साली भरते. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून मोटारीस ५,००० रुपये झाली. महाराष्ट्रात पर्यावरण कर निराळा. वरील २१,५०० मध्ये ही फी मिळवता २६,५०० होतात, म्हणजे पाच वर्षांस दरसाल ५,३०० पडले. गाडी तितकी टिकणार असेल तर हे जड नाही. परंतु खालचा पत्रा गंजून गाडी तपासणीतच नापास झाली, तर नवा बसविलेला गिअरबॉक्सही तिजबरोबर भंगारात जाईल. म्हणून मुदत जवळ आली असेल तर आधी पत्रा, ब्रेक व स्टिअरिंग तपासून घ्यावे, मगच गिअरबॉक्सच्या कामास हात घालावा.

काम सोपविताना मजुरी, सामानाची यादी व किती महिन्यांची हमी हे पावतीवर नमूद करून घ्यावे, काढलेले जुने भाग परत मागावे, आणि तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच घालावयास लावावे; डिफरन्शियलचे काही प्रकारचे तीव्र तेल पितळी रिंगांस बाधते.