दादाला परत भारतीय व्हायचंय!

गेल्या दिवाळीत लोणखेड्याच्या आमच्या घरी फराळाच्या ताटाभोवती जो विषय रंगला, तो क्रिकेटचाही नव्हता आणि बिग बॉसचाही नव्हता. विषय होता दोन एकर. आमच्या पपईच्या प्लॉटला लागून शेजारच्या काकांचं शेत आहे, ते विकायला निघालंय. घ्यायचं कोणी? अर्थात दादाने! माझा हा चुलतभाऊ २००१ मध्ये कॉम्प्युटरच्या लाटेत न्यू जर्सीला गेला, तिथला नागरिक झाला आणि गेल्या जूनमध्ये बॅगा भरून एकटाच परत आला. वहिनी आणि मुलगी शाळा संपेपर्यंत तिकडेच आहेत. पैसा आहे, हौस आहे, बांधाला बांध आहे. मग अडलं कुठे?

"पासपोर्टवर," दादा म्हणाला आणि चकली मोडत बसला.

आप्पांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, हे काही पटेना. "अरे, तुझ्याकडे ते ओव्हरसीज सिटिझनचं कार्ड आहे ना? त्यावर सिटिझन असंच लिहिलंय!"

तर मंडळी, घोळ इथेच आहे. आपल्यापैकी निम्म्या लोकांना वाटतं की ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व. छे! ते नाव फसवं आहे, आणि हे माझं स्पष्ट मत. २००६ पासून मिळणारं हे कार्ड म्हणजे प्रत्यक्षात आयुष्यभराचा व्हिसा. या, राहा, प्रायव्हेट नोकरी करा, फ्लॅट घ्या. पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी सहसा नाही, आणि शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली शेती मात्र ठेवता येते. आजोबांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर दादाचं नाव आहे ते त्यामुळेच. "मग मी घेतो आणि तुला बक्षीसपत्र करून देतो," हा आप्पांचा पुढचा बाण. तोही वाया! परदेशी राहणाऱ्या ओसीआयवाल्याला किंवा एनआरआयला शेती बक्षीस म्हणूनही घेता येत नाही.

एका म्यानात दोन तलवारी?

आपली राज्यघटना या बाबतीत अगदी कडक आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं, की स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. कोणी पत्र पाठवत नाही, ऑफिसला बोलावत नाही. तिकडे हात वर करून शपथ घेतली, की इकडचा खेळ खलास. तुम्हाला कळलंही नसेल, तरी. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट काढला, एवढाच पुरावा नियमांप्रमाणे पुरेसा असतो. २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ भारतीयांनी असं नागरिकत्व सोडलं, असे आकडे सरकारनेच संसदेत दिले आहेत.

आणि तो निळा पासपोर्ट? तो 'असू दे, आठवण म्हणून' असं म्हणत कपाटात ठेवायचा नसतो. भारतीय वकिलातीत जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. त्यावर प्रवास केला तर दंड, आणि प्रकरण वाढलं तर खटलाही. दोन नागरिकत्वं चालवून घेणाऱ्या देशांचेही स्वतःचे नियम असतात. अमेरिकेचा नागरिक अमेरिकेत शिरताना अमेरिकेचाच पासपोर्ट दाखवणार. कॅनडाने २०१६ पासून आपल्या दुहेरी नागरिकांना विमानात बसण्यासाठी कॅनडाचा पासपोर्ट सक्तीचा केला.

गोव्यातली गंमत तर आणखी निराळी. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपलं मानतो, त्यांच्या मुला-नातवंडांनाही दार उघडं ठेवतो. त्यामुळे पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला कामाला जाणं हा २०२० अखेरपर्यंत तिथला कित्येक घरांचा मार्ग होता. पण आपल्या कायद्याने भारतीयत्व गेलंच. मधल्या काळात अनेकांचे भारतीय पासपोर्ट थेट रद्द झाले. सरेंडर सर्टिफिकेट नाही म्हणून ओसीआय कार्डही मिळेना! शेवटी एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट रद्द झाल्याचा दाखलाही चालेल असं सांगितलं, तेव्हा त्यांना जरा हायसं वाटलं.

अक्षयला जमलं, मग आपल्याला?

परतीची वाट आहे. सगळ्यात फेमस उदाहरण अक्षय कुमार. कॅनडाचा नागरिक म्हणून २०१९ च्या निवडणुकीत त्याच्यावर टीकेची झोड उठली होती. १५ ऑगस्ट २०२३ ला त्याने भारतीय नागरिकत्वाचं सर्टिफिकेट सगळ्यांना दाखवलं आणि २० मे २०२४ ला मुंबईत रांगेत उभं राहून मत दिलं.

आमच्या दादासाठी लागू पडतं ते कलम ५, पोटकलम १ मधलं (फ). तुम्ही स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एक जण पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक असला पाहिजे आणि अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने तुमचं नेहमीचं वास्तव्य भारतात हवं. पाच वर्षं ओसीआय कार्ड असलेल्यांना (ग) ची वेगळी वाट आहे, पण बारा महिने तिथेही आहेतच. खास कारण असेल तर सरकार यात तीस दिवसांपर्यंत सूट देऊ शकतं. 'देऊ शकतं', हे शब्द दादाने पेनाने अधोरेखित करून ठेवलेत.

अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे. तिथून राज्य सरकार, मग दिल्लीत गृह मंत्रालय. इथे आमच्याकडे एक खास खान्देशी पेच आहे. दादाच्या जुन्या कागदांवर जन्मस्थळ 'जिल्हा धुळे' आहे, कारण नंदुरबार जिल्हा झाला तोच १ जुलै १९९८ ला. फाइल जाणार नंदुरबारला. लोणखेडं जागचं हललं नाही, पण कागदावर ते दोन जिल्ह्यांत आहे!

मंत्रालयाने होकार दिला की पुढची पायरी सगळ्यात जड. अमेरिकेचं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यायचा, भारताशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची, मग हातात सर्टिफिकेट. म्हणजे दादाला अमेरिकन अधिकाऱ्यासमोर जाऊन तिकडचं सगळं सोडावं लागणार. आणि त्यानंतर स्वतःच्या मुलीला भेटायला जाताना? व्हिसासाठी रांग!

मुलगी जन्माने अमेरिकन. तिचं काही बिघडत नाही. पण उद्या तिला भारतीय व्हायचं झालं तर तिलाही हाच बारा महिन्यांचा रस्ता. सज्ञान झाल्यावर एका वर्षात नुसतं घोषणापत्र देऊन नागरिकत्व परत मिळवण्याची सोय कायद्यात आहे खरी, पण ती आई-वडिलांनी रीतसर त्याग केला असेल तर. त्यांनी परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे ते आपोआप गेलं असेल, तर ती सोय नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सिंगापूरच्या एका तरुणाच्या केसमध्ये सांगितलं. आई-बाबांनी सह्या करताना पोटातल्या बाळाचाही हिशेब धरायचा असतो, हे त्या निकालावरून मला कळलं.

एक मोह मात्र गावाने दादाला घातलाच. मतदार यादीत त्याचं नाव अजून आहे. "कोण विचारतंय? ये आणि शिक्का मारून जा," एका नातेवाइकाने सुचवलं. दादाने कानाला हात लावला. नागरिक नसताना मत देणं हा गुन्हा आहे, आणि नागरिकत्वाच्या अर्जाच्या वर्षात तर असला शहाणपणा नकोच. त्याने नाव वगळण्याचा फॉर्म ७ भरून टाकला. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

आता बारा महिने जूनमध्ये पुरे होतील. मुलीचं ग्रॅज्युएशन मेअखेर. गेलं तर तीस दिवसांच्या त्या सुटीवर भिस्त, नाही गेलं तर लेक आयुष्यभर ऐकवणार. महिनाभर विचार करून दादाने तिकीट काढलं, जाऊन येऊन दहा दिवसांचं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या दहा तारखांना लाल गोल केलेत आणि बाजूला लिहिलंय, 'उरले २०'.

शेजारचे काका ऑगस्टपर्यंत थांबायला तयार आहेत. दिल्लीतली फाइल तोवर हलेल याची खात्री कोणी देत नाही, आणि काकांना दुसरं गिऱ्हाईक येऊन पाहून गेलंय.