नगरच्या कोरड्या हवेत ऑर्किड

अकोले तालुक्यातल्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात नगर शहराच्या वाट्याला सहाशे मिलिमीटरही जेमतेम येतो. ऑर्किडची, म्हणजे आमरीची, हौस करणाऱ्या नगरकराची सगळी अडचण या दोन आकड्यांत आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आमऱ्या आपोआप वाढतात. नगरमधल्या सावेडीतल्या फ्लॅटमध्ये त्यांना हवा करून द्यावी लागते.

लोक हवेऐवजी पाणी देतात, आणि तिथेच घोटाळा होतो. दुकानात मिळणारी मोठ्या फुलांची फॅलेनॉप्सिस मूळची आग्नेय आशियातली, झाडांच्या फांद्यांवर राहणारी. तिच्या मुळांवर मृत पेशींचा सच्छिद्र थर असतो. तो पाणी झटकन शोषतो, पण नंतर त्याला वारा लागतो. मातीत लावली की मुळं गुदमरतात, कुजतात. मग पानं मलूल दिसतात, आणि माणूस आणखी पाणी ओततो! पाणी कधी द्यायचं ते मुळंच सांगतात: कोरडी असताना रुपेरी, भिजल्यावर हिरवी. रुपेरी दिसली की कुंडी दहा मिनिटं पाण्यात ठेवावी आणि पूर्ण निथळू द्यावी. हे काम सकाळीच करावं. पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी साचलं तर शेंडा सडतो.

नगरला बोअरच्या पाण्याचं दुखणं वेगळंच. क्षारांमुळे मुळांवर आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटं चढतात. गच्चीवरचं पावसाचं पाणी पिंपात साठवलं तर उत्तम, नाहीतर आरओचं वापरावं. खत अगदी पातळ, लिटरला अर्धा ग्रॅम १९:१९:१९ पुरे, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कूलरची खोली आमरीला मानवते, फक्त झोत थेट अंगावर नको. पूर्वेच्या खिडकीतलं कोवळं ऊन चालतं. पानं गर्द हिरवी झाली तर उजेड कमी, लालसर झाली तर ऊन जास्त. गच्चीवर शेडनेट असेल तर मी फॅलेनॉप्सिसपेक्षा डेंड्रोबियम ही दुसरी आमरी सुचवेन. ती उन्हाला जास्त सोसते.

दिवाळीनंतरचा गारवा मात्र फुकटचं औषध आहे. काही आठवडे रात्री अठरा अंशांच्या आसपास राहिल्या की फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा फुटतो. पारा पंधराच्या खाली जायला लागला की खिडकी बंद करावी. बहर दोन-तीन महिने टिकतो. फुलं गळल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापावा, तिथून पुन्हा फूट येऊ शकते.

भंडारदऱ्याच्या सहलीत फांदीवरची आमरी ओरबाडून आणण्याचा मोह काहींना होतो. अभयारण्यातून रोप काढणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि ते रोप इथे सहसा जगतही नाही. आमरीचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. रानात विशिष्ट बुरशी सोबतीला असेल तरच ते रुजतं. वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नड्सन यांनी १९२२मध्ये बुरशीशिवाय, साखर घातलेल्या माध्यमावर ते रुजवून दाखवलं. आजची कुंडीतली रोपं बहुतेक अशाच प्रयोगशाळेतून येतात, मग जंगलाला हात लावायचं कारणच उरत नाही.

कुंडीत झाडाच्या सालीचे तुकडे, लोणारी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत. साल दोन वर्षांत कुजून भुगा होते. बहर संपल्यावर, कडक उन्हाळा टाळून, ती बदलावी आणि कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने छाटावीत.