सल्फाचें औषध आणि घरची शुश्रूषा

जर्मनीचे गेरहार्ट डोमाक यांनीं १९३५ सालीं पहिलें सल्फा औषध, 'प्रॉन्टोसिल', प्रसिद्ध केलें. सुईच्या जखमेनें अत्यवस्थ झालेली त्यांची स्वतःची मुलगीहि त्यानेंच वांचली. आजहि को-ट्रायमोक्साझोलच्या गोळींत सल्फा असतें. ती चालू असतां उशाशीं बसणाऱ्याचें मुख्य काम पाणी पाजण्याचें. 'तापांत पाणी बेतानें' ही आजीबाईंची शिकवण येथें बाजूस ठेवावी. लघवी आटली, तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडांत सांचूं शकतात. म्हणून डॉक्टरांची मनाई नसल्यास पेलाभर पाणी वारंवार द्यावें, आणि लघवी किती होते तें पाहावें. अंगावर पुरळ उठल्यास, तोंडांत फोड आल्यास किंवा डोळे लाल झाल्यास पुढची गोळी न देतां तत्काळ डॉक्टरांना गांठावें. 'उष्णता झाली' म्हणून गुलकंद देत बसूं नये.