सोयरीक, व्याधि आणि कायदा

सोयरीक जुळवितांना मराठी घरांतून कुळ, शिक्षण, पगार, जागा आणि पत्रिका यांची चौकशी मोठ्या बारकाईनें होते. आरोग्याचें मात्र ‘प्रकृति ठणठणीत आहे ना?’ एवढ्या एका प्रश्नावर भागतें. त्या प्रश्नाला खरें उत्तर देण्याचें कायदेशीर बंधन कितपत आहे, हें विचारणारासहि ठाऊक नसतें आणि सांगणारासहि. एच्.आय्.व्ही.च्या बाबतींत तर हें अज्ञान दोन कुटुंबांस फार महागांत पडतें.

नायगांवचेंच उदाहरण घ्यावें. तेथील बी.डी.डी. चाळी 1920 च्या दशकांत उभ्या राहिल्या. एकेक खोली 160 चौरस फुटांची. अशा खोलींत वाढलेल्या एखाद्या तरुणानें लग्नाच्या महिनाभर आधीं रक्त तपासून घेतलें आणि त्यांत संसर्ग आढळला, अशी कल्पना करावी. तेवढ्या जागेंत एक कागद लपवूं म्हटलें तरी लपत नाहीं, आणि एका दारची बातमी साऱ्या मजल्यावर जाण्यास वेळ लागत नाहीं. त्याला रोगापेक्षां बोभाट्याचीच भीति अधिक वाटते. दुसरीकडे, जी मुलगी त्याच्या घरीं येणार तिचें आरोग्यहि त्याच कागदाशीं बांधलेलें असतें. कायद्याला या दोघांचेंहि ऐकावयाचें आहे. म्हणून त्याचें उत्तर एका शब्दाचें नाहीं.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला तो नागालँडमधील एका डॉक्टरच्या फिर्यादीनें. 1995 सालीं मद्रासच्या एका रुग्णालयांत तो रक्त देण्यास गेला असतां त्याला संसर्ग असल्याचें आढळलें. ही गोष्ट बाहेर फुटली आणि ठरलेलें लग्न मोडलें. गुप्ततेचा भंग झाला म्हणून त्यानें नुकसानभरपाई मागितली. 1998 च्या सप्टेंबरांत न्यायालयानें ती नाकारली. खासगीपणाचा हक्क निरपवाद नाहीं, आणि नियोजित वधूच्या जिवाला असलेला धोका तिला कळला यांत गैर कांहीं नाहीं, असा त्या निर्णयाचा मथितार्थ. येथवर फारशी हरकत घेण्याजोगें नाहीं. परंतु न्यायालय आणखी एक पाऊल पुढें गेलें: व्याधि बरी होईपर्यंत अशा मनुष्याचा विवाहाचा हक्कच स्थगित समजावा, असें त्यानें म्हटलें. ज्या व्याधीचें समूळ उच्चाटन अद्याप होत नाहीं, तिच्या बाबतींत याचा अर्थ जन्मभराची बंदी असाच झाला असता. सुदैवानें 10 डिसेंबर 2002 रोजीं तीन न्यायमूर्तींच्या पीठानें विवाहाच्या हक्कासंबंधींची ती विधानें त्या प्रकरणांत अनावश्यक होतीं, असें स्पष्ट केलें.

पुढें 2017 सालीं संसदेनें या व्याधीसंबंधीं स्वतंत्र कायदा केला. तो 10 सप्टेंबर 2018 पासून अमलांत आला. त्याच्या 8 व्या कलमानुसार न्यायालयाच्या आदेशावांचून कोणासहि आपला संसर्ग प्रकट करण्याची सक्ति करतां येत नाहीं. 9 वें कलम डॉक्टरास व समुपदेशकास जोडीदाराला सांगण्याची मुभा देतें. पण आधीं रुग्णास स्वतः सांगण्याविषयीं समजावावें लागतें, तो सांगणार नाहीं अशी खात्री पटावी लागते, आणि आपण सांगणार आहों हें त्यालाच अगोदर कळवावें लागतें. सांगितल्यानें मारहाण किंवा परित्याग होईल अशी रास्त भीति असेल, विशेषतः स्त्रीच्या बाबतींत, तर ही मुभाहि राहत नाहीं. येथें एक बारीक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. या कायद्यांतील ‘जोडीदार’ म्हणजे पति, पत्नी किंवा विवाहासारख्या संबंधांत असलेली व्यक्ति. साखरपुडा झालेल्या मुलीचा त्यांत स्पष्ट उल्लेख नाहीं. तिच्यासाठीं 1998 च्या निर्णयाकडेच वळावें लागतें, आणि ही उणीव कायदा करणारांच्या नजरेंतून सुटावयास नको होती.

रुग्णाचें स्वतःचें कर्तव्य 10 व्या कलमांत आहे: दुसऱ्यास संसर्ग होऊं नये म्हणून वाजवी ती सर्व काळजी घेणें. आधीं सांगणें हा त्या काळजीचा एक प्रकार म्हणून दिलेला आहे. याचा अर्थ मौन सुरक्षित आहे असा मात्र नव्हे, कारण विवाहाचा कायदा निराळा उभा आहे. 1955 च्या हिंदु विवाह कायद्याच्या 12 व्या कलमाखालीं, महत्त्वाच्या बाबीविषयीं फसवणूक करून संमति मिळविली असल्यास विवाह रद्द करून घेतां येतो. अर्ज मात्र फसवणूक उघडकीस आल्यापासून एका वर्षाच्या आंत करावा लागतो, आणि सत्य कळल्यावरहि स्वखुषीनें एकत्र राहणारास तो करतां येत नाहीं. असा विवाह रद्द झाला तरी त्यापासून झालेलें मूल औरसच राहतें. शिवाय, प्राणघातक रोग पसरेल अशी कृति हयगयीनें वा दुष्ट हेतूनें करणें हा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या 269 व 270 या कलमांत होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 271 व 272 या कलमांत आहे.

मग लग्नापूर्वीं प्रत्येकाची सक्तीनें तपासणी कां करूं नये? गोव्यांत 2006 सालीं असा विचार पुढें आला होता. वरकरणीं तो पटतो. परंतु संसर्ग नुकताच झालेला असेल तर तपासणींत तो दिसत नाहीं, आणि ‘निर्दोष’ असा दाखला हातीं पडून दोन्ही घरें निर्धास्त होतात. आजचा कायदा तर संमतीवांचून तपासणीच करूं देत नाहीं. संमतीनें दोघांनीं मिळून तपासून घेण्यास मात्र कोणाचीच आडकाठी नाहीं, आणि सरकारी केंद्रांत ती विनामूल्य होते.

1998 च्या न्यायाधीशांपुढें जें वैद्यकशास्त्र होतें तेंहि आतां राहिलेलें नाहीं. नियमित औषधांनीं रक्तांतील विषाणु तपासणींत दिसेनासे झाले आणि तसेच राहिले, तर शरीरसंबंधांतून जोडीदारास संसर्ग होत नाहीं. मुलालाहि तो बहुतांशीं टाळतां येतो. सांगितल्यानें लग्न मोडेलच असें आतां गृहीत धरण्याचें कारण नाहीं.

नायगांवच्या त्या तरुणास सल्ल्यासाठीं दूर जावयास नको. मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेचें कार्यालय जवळच वडाळ्यास, अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारांत आहे. हें रुग्णालय 1890 सालीं निघालें तें रोग्यांस वस्तीपासून वेगळें काढण्याकरितां! 1097 या दूरध्वनीवर नांव न सांगतां विचारतां येतें. आणि प्रकरण न्यायालयांत गेलेंच, तर नांव गुप्त ठेवण्याचा व सुनावणी बंद दालनांत घेण्याचा अर्ज 34 व्या कलमाखालीं करतां येतो. तो स्वतः किंवा आपल्या वतीनें दुसऱ्या कोणाकरवींहि करतां येतो.