शेक संपला, गाठ गेली का?

बेंगळुरूच्या होसूर रोडवरची किदवाई कर्करोग संस्था १९७३ मध्ये सुरू झाली. बेळगाव-निपाणीकडची मराठी माणसंही तिथे उपचाराला जातात. फुप्फुसाच्या गाठीवरचं रेडिएशन, म्हणजे घरगुती बोलीतला ‘शेक’, संपलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: गाठ गेली का?

उत्तर लगेच मिळत नाही. सीटी स्कॅनवर डॉक्टर गाठीची सर्वांत लांब बाजू मिलिमीटरमध्ये मोजतात. मोजलेल्या गाठींच्या मापांची बेरीज उपचारापूर्वीपेक्षा ३० टक्क्यांनी घटली, तर उपचार लागू पडला असं धरतात. आतापर्यंतच्या सर्वांत कमी मापापेक्षा ती २० टक्क्यांनी, आणि निदान ५ मिलिमीटरने वाढली, तर आजार बळावला.

हिशेब सोपा, पण फुप्फुस तो बिघडवतं. किरणांनी आजूबाजूचा निरोगी भागही सुजतो. पहिल्या काही महिन्यांत तिथे दुधी काचेसारखा पांढुरका पट्टा दिसतो. पुढे तो आकसून व्रणासारखा घट्ट होतो. गाठीला चिकटून असला, तर नुसत्या मापावर बोलणं धोक्याचं.

मग पेट-सीटी. उपाशीपोटी किरणोत्सारी साखर टोचतात आणि तासभर पडून राहायला सांगतात, गप्पाही नकोत. जिवंत कर्कपेशी ही साखर अधाशासारखी ओढतात, पडद्यावर चमकतात. पण सूजही चमकते, क्षयाचा धुमसता डागही. म्हणून रेडिएशननंतर साधारण तीन महिने थांबतात. नातेवाइकांना तो हलगर्जीपणा वाटतो, तसं नसतं. जाताना जुन्या स्कॅनची सीडी मात्र न्यावी, कारण तुलना तिच्याशीच होते.